कारंजा चौकातला वळणरस्ता

सरमदने भर गाडीत स्वतःच्या बापाला शिवी दिली, तेव्हा बाप त्याच्या मांडीला मांडी लावून बसला होता. गाडी म्हणजे किया, बगदादच्या गल्लोगल्ली माणसं कोंबून धावणारी छोटी मिनीबस. त्या वेळी ती धावत नव्हती. कारंजा चौकाच्या अलीकडे, पुलाच्या कामाभोवती ठोकलेल्या निळ्या पत्र्यांना अंग घासून ती केव्हाची उभी होती. शिवी तशी काही फार मोठी नव्हती. बगदादच्या कुठल्याही रस्त्यावर जरा वेळ उभं राहा, तुमच्या देखत पाचपन्नास बाप निघतील. इथे माणूस चुकला की त्याला कुणी काही म्हणत नाही, थेट त्याच्या बापाला गाठतात. वीज घालवणाऱ्याचा बाप, शिळा समून-पाव विकणाऱ्या बेकरीवाल्याचा बाप, उलट्या बाजूने गाडी घालणाऱ्याचा बाप. सरमदने रिवाज सोडून काही केलं होतं असं मुळीच नाही. फक्त या चौकाभोवतीचा वळणरस्ता आखला होता त्यानेच, आणि त्यामुळे निघालेला बाप दुसऱ्या कुणाचा नव्हता.

सुरुवात ड्रायव्हरने केली होती. शाकिर त्याचं नाव, मानेवर ओला टॉवेल, आणि गाडी बंद पडली तरी तोंड चालू. "हा पूल पुरा होईपर्यंत माझी नात सासरी जाईल," तो आरशात बघून म्हणाला. "केवढी आहे नात?" मागून कुणीतरी विचारलं. "अजून माझंच लग्न व्हायचंय, बाबा." सगळी गाडी हसली. सरमदही हसला, कारण न हसणारा माणूस लगेच नजरेत येतो. हसली नाही ती फक्त पुढच्या बाकावरची काळ्या अबायातली बाई. तिचा प्लास्टरमधला हात तिच्या मांडीवर होता, आणि दुसऱ्या हाताने ती त्याला सांभाळून धरत होती. "हसा," ती म्हणाली. "तुम्हाला चाकं आहेत. पायी चालणाऱ्यांनी काय करायचं? चौक ओलांडायला वीतभर जागा ठेवली नाही मेल्यांनी. गटारावर एक फळी टाकलीय, म्हणे तिच्यावरून जा. फळी गेली एकीकडे, मी गेले दुसरीकडे. दोन ठिकाणी मोडलाय. ज्याने हा वळसा काढला ना, त्याच्या बापाचा मुडदा बसो." शाकिर म्हणाला, "एकट्या बापावर भागायचं नाही, मावशी. आजाही घ्या."

आणि याच वेळी सरमदचा बाप खाकरला. हे खाकरणं सरमदच्या चांगल्या ओळखीचं होतं. म्हाताऱ्याने सारा जन्म शिंप्याच्या दुकानात काढला. गिऱ्हाइकाच्या खांद्यावर टेप टाकता टाकता तो आधी असा खाकरायचा आणि मग म्हणायचा, माझा मुलगा इंजिनिअर आहे, रस्ते खात्यात. गिऱ्हाइकाने विचारलेलं नसायचं. सरमदला त्या खाकरण्याची विद्यार्थी असल्यापासून धास्ती होती. म्हाताऱ्याचं स्वतःचं नाव फाखिर, पण सरमद जन्मल्यापासून त्या नावाने त्याला कुणी हाक मारली नव्हती. तो अबू सरमद, सरमदचा बाप. गल्लीत, मशिदीत, चहाच्या दुकानात, दवाखान्याच्या चिठ्ठीवर मागे कंसात, सगळीकडे. आता हा बोलणार, सरमदला वाटलं. या बाईच्या मोडलेल्या हातासमोर हा अभिमानाने सांगणार, की ज्याचं तुम्ही बोलताय तो हा इथे बसलाय, माझ्या शेजारी. म्हाताऱ्याचं तोंड उघडायच्या आत त्याने स्वतःचं उघडलं. "बापानेच काही शिकवलं नसणार, मावशी," तो मोठ्याने म्हणाला. "असला दिवटा जन्माला घालणाऱ्या बापावर लानत असो." आवाज थोडा अधिकच चढला. "खरं बोललात, उस्ताद," शाकिर म्हणाला. बाईने मान डोलावली. म्हाताऱ्याने रुमालाने तोंडावरची धूळ पुसली. कदाचित तो नुसता धुळीने खाकरला असेल, हे सरमदच्या डोक्यात आलं ते त्यानंतर.

खरं तर ते दोघं या गाडीत असायलाच नको होते. म्हाताऱ्याच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता आणि आज पट्टी सोडवायला इस्पितळात जायचं होतं. एरवी असली कामं सरमदचा मेहुणा करायचा, त्याच्या गाडीतून, काही न बोलता. पण मेहुणा करबलाला गेला होता. सरमदच्या खात्याच्या गाडीची काच चार दिवसांपूर्वी खडीच्या ट्रकमागे चालताना फुटली होती, तीही याच चौकात. बाप राहायचा बहिणीकडे, आणि तिने फोनवर सांगितलं, "एक दिवस तू ने रे, तुझेही बाबा आहेत ते." त्यात टोमणा होता की नाही हे त्याने ठरवायचं टाळलं. टॅक्सीवाले चौकाचं नाव काढताच काच वर करून निघून जात होते. शेवटी म्हाताराच म्हणाला, "कियाने जाऊ. मी काय पाहुणा आहे?" सरमदने त्याला हात धरून पायरीवर चढवलं, खिडकीशी बसवलं. पट्टीचा डोळा नेमका सरमदच्या बाजूला आला. त्यामुळे आता, शिवीनंतर, त्याने बापाकडे पाहिलं तेव्हा त्याला फक्त कापूस आणि चिकटपट्टी दिसली. बाप काय बघतोय, बघतोय की नाही, कळायला मार्ग नव्हता.

ऊन पत्र्यांवर आपटून गाडीत येत होतं. पाठीला शर्ट चिकटला होता. सरमदला वाटलं, आता म्हातारा मांडी आखडून घेईल. त्याला ती आखडून घ्यायला हवी होती, म्हणजे निदान कळलं असतं. पण बाकावर सरकायला जागाच नव्हती. दोघांच्या मांड्या तशाच चिकटून राहिल्या, घामाने ओल्या, आणि बापाच्या अंगाची ऊब त्याच्या अंगात येत राहिली. त्याला आपल्या जिभेची किळस आली. तोंडात अजून त्या वाक्याची चव होती, धुळीची आणि पेट्रोलची, आणि वाक्य पुन्हा पुन्हा त्याच्याच आवाजात ऐकू येत होतं. शिकवलं नसणार. शाकिरची शिवी हवेतली होती, बाईची दुखण्यातली. या दोघांना बाप कोण हे ठाऊक नव्हतं. सरमदची शिवी तेवढी पत्ता लिहून पाठवलेली.

शाळेत असताना एका पोराने त्याच्या बापाला शिवी दिली होती. चेंडूवरून काहीतरी भांडण झालं होतं. त्या पोराचं नावही आता आठवत नाही, पण त्याच्या कानाची खारट चव आठवते, कारण सरमदने तो कान चावला होता आणि मास्तरांनी ओढेपर्यंत सोडला नव्हता. बापाला शाळेत बोलावलं. मास्तर बोलत राहिले, बाप टोपी हातात धरून ऐकत राहिला. सरमदला घरी मार बसायची खात्री होती. पण परत येताना थंडीत कोपऱ्यावरच्या हातगाडीपाशी बाप थांबला, खजुराच्या पाकात उकडलेल्या सलगमाची बशी त्याने पोराच्या हातात दिली, आणि ती संपली तेव्हा आपल्या बशीतलंही अर्धं तिच्यात लोटलं. शाबास म्हटलं नाही, रागावला नाही. रात्री फाटलेला खिसा शिवताना दोरा दातांनी तोडला तेवढाच आवाज. ते पोरगं आज कुठे होतं? सरमदने त्याला आपल्या आत खूप शोधलं. मोठा होताना त्याने बरंच काही मिळवलं होतं, हुद्दा, थंडगार खोली, खात्याची गाडी. त्या सगळ्यात कान चावणारा पोरगा कुठेतरी मागे राहिला होता, आणि त्याची आठवण आज पहिल्यांदा आली याचीच त्याला लाज वाटली.

वळणरस्ता त्याने एका दुपारी आखला होता. बाहेर माणूस भाजून निघत होता आणि आत एसीमुळे त्याने खांद्यावर कोट घेतला होता, हेही त्याला नीट आठवत होतं. वरून घाई होती. पुलाचा मुहूर्त ठरला होता, पुढाऱ्यांना फिती कापायच्या होत्या. संगणकाच्या पडद्यावर चौक वरून दिसत होता. वरून पाहिलं की माणसं दिसत नाहीत, फक्त रेषा दिसतात. त्याने त्या रेषा उचलून शेजारच्या गल्ल्यांमधून फिरवल्या, एक लांबलचक वळसा घातला, सरळ जाणाऱ्याला आधी पार कालव्यापर्यंत नेलं आणि मग तिथून परत आणलं. हाताखालच्या मुलीने विचारलं होतं, "उस्ताद, किया कुठे थांबतील? उतरलेली माणसं ओलांडतील कुठून?" त्याने मान वर न करता सांगितलं होतं, "कियावाले कुठेही थांबतात. माणसं कुठूनही ओलांडतात." खोलीत सगळे हसले होते. विनोद चांगलाच जमला होता. काही महिन्यांचं म्हणून सांगितलेलं काम आता तिसऱ्या उन्हाळ्यात शिरलं होतं, आणि त्या विनोदाला समोरच्या बाकावर प्लास्टर घातलेलं होतं.

पण लाजेच्या तळाशी ती मुलगीही नव्हती आणि हा हातही नव्हता. तळाशी पिवळा बाण होता. काम सुरू झालं तेव्हा चौकाच्या तोंडाशी काळ्या फळीवर एक मोठा पिवळा बाण लावला होता, आणि म्हातारा तो बघायला एकटाच कियाने आला होता. मग रोज यायला लागला. डोक्यावर रुमाल टाकून बाणाखाली उभा राहायचा आणि गोंधळलेल्या लोकांना सांगायचा, इकडून वळा, पुढे कालवा लागेल, मग उजवीकडे, माझ्या मुलाने काढलाय हा रस्ता, काळजी करू नका. बहिणीने हसत हसत हे फोनवर सांगितलं होतं, आणि सरमदने चिडून म्हटलं होतं, "घरी बसव त्यांना, माझी शोभा करतील." पुढे काही आठवड्यांनी म्हातारा आपणहून घरी बसला. का, ते सरमदने विचारलं नाही. सुटलो, असं वाटलं होतं. दुकानात, मशिदीत, चहाला बसल्यावर म्हातारा मुलाचं नाव काढेनासा झाला, हेही बहिणीच्या बोलण्यात आलं होतं. त्यावर तो म्हणाला होता, वय झालं.

आता गाडी हलली. शाकिरने इंजिनला आणि त्याच्या बनवणाऱ्याच्या बापाला काहीतरी सुनावलं आणि किया गल्लीत शिरली, पडदे ओढलेल्या खिडक्यांना आणि वाळत घातलेल्या चादरींना चाटत पुढे निघाली. आणि सरमदला, अगदी सावकाश, कळू लागलं. बाणाखाली उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला लोकांनी काय म्हटलं असेल? माझ्या मुलाने काढलाय, असं सांगणाऱ्या माणसाला हे शहर काय म्हणेल? शिव्या बापालाच असतात इथे. आणि हा तर स्वतः पुढे होऊन पत्ता देत होता. नंतर त्याने सांगायचं बंद केलं असेल, तरी शिव्या थोड्याच बंद होणार. समून आणायला गेला की बेकरीत, कियात, औषधाच्या दुकानात, सगळीकडे, उन्हाळ्यामागून उन्हाळे, कुणी ना कुणी त्या वळणरस्त्याचा बाप काढत असणार, आणि तो म्हातारा शेजारी उभा राहून पिशवीत समून भरत असणार. घरी येऊन मुलीला सांगितलं नाही. सरमदला तर नाहीच नाही. ईदच्या दिवशी सरमद गेला तेव्हा म्हाताऱ्याने एवढंच विचारलं होतं, "काम जास्त पडतं का रे?" सरमद मोबाइल बघत हं म्हणाला होता. एवढ्या सगळ्यांच्या शिव्या त्याने मुकाट सोसल्या, आणि त्या सगळ्यांत मुलाची कमी होती, तीही आज भरून निघाली.

माफी मागायला हवी, त्याला वाटलं. इथे नाही, उतरल्यावर. इस्पितळाच्या दारात, आत शिरायच्या आधी. तो मनात वाक्यं जुळवू लागला. बाबा, मी मुद्दाम. नाही. बाबा, त्या लोकांना कळलं असतं तर गाडीत तमाशा झाला असता, तुमच्याच तब्येतीला. हेही नाही, हे तर थेट खात्यातलं उत्तर झालं. बाबा, माझी चूक झाली. हे वाक्य सोपं होतं, लहान होतं, आणि ते मनातल्या मनात म्हणतानासुद्धा त्याने गाडीत कुणी आपल्याकडे बघत नाही ना याची खात्री करून घेतली. स्वतःच्या भित्रेपणाचं त्याला आश्चर्य वाटलं नाही. आश्चर्य वाटलं ते तो इतक्या वर्षांत कुणाला दिसला कसा नाही याचं. की दिसला होता, आणि बाप त्यावर पांघरूण घालत आला होता.

कालवा आला. किया त्याला वळसा घालून परत फिरली आणि रखडत रखडत पुन्हा कारंजा चौकात, निळ्या पत्र्यांच्या दुसऱ्या अंगाला येऊन थांबली. पलीकडे, मघा ते जिथे अडकले होते ती जागा दिसत होती, दगड मारला तर पोचेल इतकी जवळ. शाकिरने स्टिअरिंगवरून दोन्ही हात उचलले. "बघा. एवढं फिरलो आणि समोरच आलो. काय डोकं आहे." बाईने हात सावरला. "मोडलेल्या हाताला हे दणके," ती म्हणाली, आणि मग मागे वळून तिने सहज, कुणाला तरी गप्पांत ओढायचं म्हणून विचारलं, "हाजी, तुम्ही का गप्प? तुम्हीही हाणा एक शिवी त्या वळसेवाल्याच्या बापाला. डोळ्याला आराम पडेल."

म्हातारा म्हणाला, "मीच त्याचा बाप."

शाकिरने मघापासून गुणगुणणारा रेडिओ बंद केला. बाईचा धड हात तोंडावर गेला. मागे कुणी तरी हळूच अल्लाचं नाव घेतलं. बापाच्या पाठीमागे बापाला काहीही म्हणावं, पण तोंडावर, आणि तेही डोळ्याला पट्टी बांधलेल्या म्हाताऱ्याला, हे या शहरात कुणालाच सोसत नाही. "माझी जीभ झडो, हाजी," बाई म्हणाली. "मला काय ठाऊक. माफ करा मला."

"तुमचा हात मोडलाय, बहिणी," म्हातारा म्हणाला. आवाज शांत होता, दुकानात कापड बेतताना असायचा तसा. "तुम्ही बोललात ते रास्तच. त्याने चूक केली. चालणाऱ्यांसाठी जागा ठेवायला हवी होती, ठेवली नाही. मी स्वतः ती फळी बघितलीय. पण पोरगा वाईट नाही. आणि मी त्याला शिकवलं होतं. जेवढं मला येत होतं तेवढं शिकवलं."

शेवटचं वाक्य बाईसाठी नव्हतं. सरमदने मान खाली घातली. बुटांवरची धूळ त्याला कणाकणाने दिसत होती.

"नाव काय तुमचं, हाजी?" शाकिरने विचारलं, अदबीने.

"अबू सरमद."

"आणि आता कुठे आहे इंजिनिअरसाहेब?" त्याच्या आवाजात आता टोमणा नव्हता. "अशा वेळी बापाबरोबर यायला नको?"

"साइटवर असेल. उन्हात. त्याला सवड होत नाही."

"मग हे कोण?" बाई म्हणाली, आणि तिने सरमदकडे हनुवटीने खूण केली.

म्हातारा वळला. पट्टीचा डोळा या बाजूला असल्यामुळे त्याला पूर्ण मान फिरवावी लागली, आणि तेव्हा त्याचा धड डोळा सरमदवर आला. लाल होता, पाणावलेला होता, पण तो उन्हानेही असेल. तो बघत राहिला. तो उत्तर द्यायची घाई करत नव्हता. ती जागा त्याने मुलासाठी मोकळी ठेवली होती, इतकं सरमदला स्वच्छ कळलं. फक्त एवढंच म्हणायचं होतं, मी त्यांचा मुलगा. मग शाकिरने काय म्हटलं असतं ते म्हटलं असतं, बाई थुंकली असती तर थुंकली असती. सरमदने तोंड उघडलं. समोर प्लास्टर होतं, आरशात शाकिरचे डोळे होते, मागून माणसं वाकून बघत होती, आणि मघाची शिवी या सगळ्यांनी ऐकलेली होती. त्याने तोंड मिटलं. म्हाताऱ्याने आणखी थोडा वेळ वाट पाहिली, आणि मग हातातलं जुनं ओझं खाली ठेवावं तसा खांदा सैल सोडला.

"यांची माझी ओळख नाही," तो बाईला म्हणाला. "मला दिसत नव्हतं, तर नाक्यावर यांनी हात धरून गाडीत चढवलं. भले आहेत. अल्ला यांच्या आईबापांवर दया करो."

"आजकाल कोण करतं एवढं," बाई म्हणाली, आणि सरमदकडे पहिल्यांदाच मायेने पाहिलं. सगळी गाडी त्याच्याकडे बघत होती. अशी दुवा मिळाली की तीच उलट द्यायची असते. गप्प बसणारा माणूस उद्धट ठरतो.

"तुमच्याही आईबापांवर, हाजी," सरमद म्हणाला. हे शब्द मात्र त्याच्या तोंडून नीट, न अडखळता निघाले.